कामाचा तिटकारा

फोन वाजला तेव्हा गहिनीनाथ बजरंगाच्या वावरात कांद्याची पात कापत बसला होता. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. विळ्याची मूठ घामानं निसटत होती, म्हणून तिला त्यानं जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली होती. हात कांद्याच्या रसानं चिकट झालेले. त्यानं दोन बोटांनी खिशातला फोन ओढला आणि खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"गहिनीनाथ ना? मी ओंकार सर. संस्थेच्या केंद्रातून बोलतोय. सुप्याच्या गोदामात जागा निघाली आहे, हमालीची. उद्या सकाळी आठ वाजता गेटवर हजर राहा."

या फोनची वाट त्यानं दिवाळीपासून पाहिली होती. नगरला डाळमिलमध्ये तो पोती उचलायचा. मिल बंद पडली आणि तो घरी बसला. बसला म्हणजे म्हणायला बसला. जिरायत दोन एकरांत यंदा बाजरी कंबरेएवढीही झाली नव्हती, आणि गावात रोजानं बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. तिसगावात एका संस्थेनं बेकारांची नावं घ्यायला केंद्र उघडलं, तेव्हा रांगेत सगळ्यांत आधी जाऊन उभा राहिला तो हाच.

त्यानं मान वर करून पश्चिमेकडं पाहिलं. गर्भगिरीच्या डोंगरावर आभाळ काळं ठिक्कर झालं होतं.

"सर, परवा आलो तर चालंल का? उद्या जमायचं न्हाई."

"का?"

"कांदा झाकायचा हाय."

"तुमचा कांदा?"

"न्हाई, बजरंगाचा. शब्द दिलाय सर."

 पलीकडून "बरं" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. गहिनीनाथानं फोन खिशात टाकला आणि पुढचा कांदा हातात घेतला.

बजरंगानं सगळं ऐकलं होतं. तो शेजारच्या ओळीत उकिडवा बसून कापत होता. हाडापेरानं दणकट, बोलायला कमी. "गहिन्या, तू जा," तो म्हणाला. "कांद्याचं हुईल काय व्हायचं ते."

"आभाळ बघितलंस का?"

"बघितलं. तू जा."

"गप कापत बस," गहिनीनाथ म्हणाला.

एके काळी या वस्तीवर सावडीला दहा-बारा घरं होती. आज याच्या वावरात सगळ्यांनी राबायचं, उद्या त्याच्या. पैसा कोणी कोणाला द्यायचा नाही, दुपारची भाकरी मात्र ज्याचं वावर त्याची. पुढं ट्रॅक्टर आले, मजुरांच्या टोळ्या आल्या, आणि एकेक घर सावडीतून गळत गेलं. आता हे दोघंच उरले होते. गहिनीनाथाचा बाप वारला तेव्हा घर सुतकात होतं आणि ज्वारी शेतात उभी होती. बजरंग आणि त्याच्या बायकोनं कोणाला न विचारता ती काढली, मळली आणि पोती ओट्यावर आणून ठेवली. याबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नव्हता. म्हणूनच गहिनीनाथाला उद्या सुप्याला जाणं जमणार नव्हतं, आणि हे ओंकार सरांना फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारा आल्या. कापलेला कांदा बांधालगत ढिगानं पडला होता. चौघं, हे दोघं आणि दोघांच्या बायका, पाट्या भरभरून कांदाचाळीकडं पळत होते. निम्माअधिक हलला तोच वारं सुटलं. ताडपत्रीचा दोर तुटला आणि ती शिडासारखी फुगून वर उठली. गहिनीनाथानं तिच्यावर अंग टाकलं. दुसऱ्या टोकाला बजरंग पालथा पडला. लिंबाएवढ्या गारा पाठीवर, मानेवर, कानांवर बदडत होत्या. मोनिका, गहिनीनाथाची बायको, डोक्यावर पाटी पालथी धरून ओरडत होती, "आवो उठा, डोकं फुटंल!" पण उठलं असतं तर कांदा गेला असता. ते दोघं तसेच पडून राहिले. गारा थांबल्या तेव्हा गहिनीनाथाच्या पाठीवर हिरवेनिळे वळ उठले होते आणि कांदा कोरडा होता. त्या संध्याकाळी त्याला फार बरं वाटलं. इतकं बरं त्याला मिल बंद पडल्यापासून वाटलं नव्हतं.

गारांच्या दुसऱ्या दिवशी तो सुप्याला गेला. गेटवरच्या माणसानं हातातला कागद बघून मान हलवली. जागा भरली होती. गहिनीनाथ तिथून मिळेल त्या गाडीनं तिसगावला आला. केंद्र बाजारपेठेत, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं.

ओंकार सर पुण्याकडचे, अजून तिशीही न गाठलेले. माणूस वाईट नव्हता. आल्या-गेल्याला पाणी विचारायचा, म्हाताऱ्यांना आजोबा म्हणायचा. फक्त समोरच्या माणसाकडं कमी आणि हातातल्या टॅबकडं जास्त बघायचा.

"गहिनीनाथ, तुम्हाला कामाची गरज किती वाटते? एक ते पाचमध्ये सांगा."

"पाच म्हंजी जास्त का कमी?"

"जास्त."

"मंग पाच."

"मग बोलावलं तेव्हा आला का नाहीत?"

"सांगितलं न्हवं का सर, सावड हुती."

"गेल्या आठवड्यात किती दिवस काम शोधलंत?"

"शोधाया येळच घावला न्हाई. रोज कामच हुतं."

"पगारी काम?"

"सावडीचं."

"म्हणजे फुकट."

"फुकट कसं सर? त्यो बी येतो की माज्याकडं."

"तुमच्याकडं आता काय काम आहे?"

 आता गहिनीनाथाकडं खरंच काही काम नव्हतं. सरांनी टॅब त्याच्यापुढं धरला. "बघा, इथं तीनच पर्याय आहेत. काम शोधतो, काम शोधत नाही, मिळालेलं काम नाकारलं. तुमचं तिसरं होतं." त्यांनी बोट टेकवलं. वर एक लाल पट्टी आली आणि तिच्या शेजारी गहिनीनाथाचा फोटो. तसंच लाल पट्टीचं कार्ड छापून त्यांनी त्याच्या हातात दिलं. "हे मी ठरवत नाही. सिस्टीम ठरवते. हिरवं म्हणजे उत्साही, त्यांना लगेच काम. पिवळं म्हणजे डळमळीत. लाल म्हणजे कामाची इच्छाच नाही. लालवाल्यांना वर्षभर कुठं पाठवता येत नाही. गोदामवालेही घेत नाहीत."

"इच्छा न्हाई? मला?"

"ॲटिट्यूडचा प्रश्न आहे. पण माणूस बदलू शकतो. आमचा वर्ग आहे, तिथं या."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मोनिकाला आधी हसू आलं. ती दिवसभर दुसऱ्याच्या उसात खुरपून आली होती आणि गुडघ्यांना तेल चोळत होती. "तुमाला कामाची इच्छा न्हाई?" ती म्हणाली. "रिकामं बसलं तर तुमी दावं वळता, दावं झालं तर बाज इनता. इच्छा न्हाई म्हनं!" आणि मग तिच्या लक्षात आलं की वर्षभर काही मिळणार नाही. तिनं तेलाची वाटी बाजूला सरकवली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

साळूबाई, गहिनीनाथाची आई, दाराशी ज्वारी निवडत होती. तिला नीट ऐकू गेलं नव्हतं. "कुनाला काय न्हाई गं?" तिनं विचारलं. गहिनीनाथ तिच्यापुढं बसून ज्वारी निवडू लागला.

पुढं उन्हाळाभर त्यानं काम मागितलं नाही असं दार राहिलं नाही. वीटभट्टीवर गेला, तिथं परप्रांतातल्या टोळ्या होत्या. मिरजगावला हायवेवर ढाब्यात भांडी घासायला गेला, तर मालक म्हणाला, तुझ्याएवढा गडी कशाला, मला पोरगं पाहिजे. तिसगावच्या बाजारात चहाच्या टपरीवर लोक त्याला बघून म्हणायचे, "आला बघा सिग्नल. थांबा रं सगळे, लाल लागलाय." मस्करीच होती ती. त्यातले निम्मे स्वतः लाल नाहीतर पिवळे होते. गहिनीनाथही हसायचा आणि चहा न पिताच पुढं निघायचा. बजरंगाचं तर आणखीच अवघड झालं. चाळीत जपून ठेवलेल्या कांद्याला भाव आला नाही, तो तिथंच सडू लागला. बजरंगानंही केंद्रात नाव घातलं. तिथं त्याला विचारलं, तुमचं ध्येय काय? तो म्हणाला, मिळंल ते करीन. ध्येय नाही म्हणून त्यालाही लाल मिळालं.

शेवटी गहिनीनाथ वर्गाला गेला.

वर्ग समाजमंदिरात भरायचा. सतरंजीवर तीस-चाळीस बाप्ये गोल करून बसलेले, कोणी पायाच्या भेगा लपवत, कोणी टोपी गुडघ्यावर ठेवून. सरांनी आधी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मग हसायला लावलं. मग प्रत्येकाला एक फुगा आणि कागदाची एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर आपली वाईट सवय लिहायची, ती फुग्यात घालायची, फुगा फुगवायचा आणि फोडायचा. म्हणजे सवय गेली.

गहिनीनाथानं बराच विचार करून लिहिलं, तंबाखू.

सर मागं उभे राहून बघत होते. "ही नाही हो. कामाबद्दलची सवय." त्यांनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, तंबाखूवर रेघ मारली आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, आळस. "हं. फुगवा आता."

फुगा फुगला, पण त्याला गाठ मारता येईना. पोती उचलून उचलून बोटं अशी जाड आणि खरखरीत झालेली की रबर त्यांत सापडेचना. फुग्याचं तोंड निसटलं, तो पटकन धरायला गेला आणि तळहाताला घासून फुगा आपोआपच फुटला. सरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. "बघा! गहिनीनाथांचा आळस सगळ्यांत आधी गेला!" सगळे हसले. गहिनीनाथाला लाज वाटली, आणि लाज वाटल्याचीही लाज वाटली, कारण हे सगळं पोरखेळ आहे हे त्याला कळत होतं.

वर्ग संपल्यावर सरांनी त्याला थांबवून घेतलं.

"तुमची गोष्ट मला आवडली. आलेलं काम नाकारलं, आता पश्चात्ताप झालाय, स्वतःहून वर्गाला आलात. रविवारी तुमच्या गावात मेळावा घेतोय. मुख्य ऑफिसची माणसं येतील, शूटिंग होईल. तुम्ही स्टेजवर तुमचं परिवर्तन सांगायचं. त्याच दिवशी कार्ड हिरवं करतो आणि एक तारखेपासून सुप्याला कामावर. शब्द देतो."

"काय सांगायचं सर?"

"खरं तेच. मला कामाचा तिटकारा होता, फोन आला तरी गेलो नाही."

"कांदा हुता म्हनून न्हाई गेलो."

"ते कांद्याचं नको." सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "ऐकणाऱ्याला कळत नाही, गोंधळ होतो. सरळ म्हणा, त्या दिवशी मी घरी झोपून राहिलो."

"पर समोर गाव असंल सर. बजरंग असंल."

"असू द्या की. त्यालाही प्रेरणा मिळेल."

त्या रात्री मोनिका एवढंच म्हणाली, "बोला. बोलल्यानं काय अंगाला भोकं पडत न्हाईत." मग निजलेल्या सासूकडं बघत म्हणाली, "आत्याबाईंला मातुर घरीच ठिवू." पण रविवारी सकाळी संस्थेची जीप भोंगा लावून वस्तीवर आली. बायका जास्त दिसायला हव्या होत्या. साळूबाईनं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं आणि जाऊन पहिल्या रांगेत बसली. लेक स्टेजवर बोलणार म्हणून तिला कोण आनंद झाला होता.

मारुतीच्या देवळापुढं मांडव घातला होता. गहिनीनाथाला इस्त्रीचा सदरा दिला होता, तो खांद्यांत तटला होता. त्याच्या हातात माईक आला. समोर सगळी ओळखीची तोंडं. डाव्या बाजूला खांबाला टेकून बजरंग उभा होता.

"मी गहिनीनाथ," तो म्हणाला आणि थांबला.

"मोकळेपणानं बोला," सर बाजूनं म्हणाले.

"मला... मला कामाचा तिटकारा हुता. पहिल्यापासनं. मी आळशी हुतो." माईकमधून आपला आवाज त्याला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला, आणि त्यामुळं पुढचं सोपं गेलं. "सायबांनी काम दिलं, सुप्याला बोलावलं. त्या दिशी मी गेलो न्हाई. त्या दिशी मी घरी झोपून हुतो."

 त्या दिवशी तो कुठं होता हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याची पाठ गावानं बघितली होती. बजरंगानं नजर खाली केली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. मग सरांनी टाळ्या सुरू केल्या, मुख्य ऑफिसच्या पाहुण्यांनी केल्या, आणि मग सगळ्यांनीच केल्या. शूटिंग करणाऱ्या पोरानं कॅमेरा पहिल्या रांगेकडं वळवला. साळूबाईचे हात मांडीवर तसेच होते. ती लेकाकडं टक लावून बघत होती.

"या आई आहेत का त्यांच्या?" सर पुढं वाकले. "आई, तुम्हीही वाजवा ना टाळ्या. मुलगा सुधारला तुमचा."

साळूबाईनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडं. मग तिनं टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना ती नेहमीसारखी पुढं चालत होती. बांध ओलांडताना गहिनीनाथानं हात पुढं केला तर तिनं तो धरला नाही. संध्याकाळी तिनं भाकरी केली, वाढली, पुरते का म्हणून विचारलंही. नंतर चुलीपुढं बसून म्हणाली, "बाप तुझा पोती वाहून वाहून मेला. बरं झालं, आज न्हवता." बोलून ती राख ओढू लागली.  कार्ड हिरवं झालं होतं. ते त्यानं भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं आणि घरात कोणीही ते हातात घेऊन बघितलं नव्हतं.

सकाळी तो बांधावरचं बाभळीचं खोड काढायला गेला. वळवाच्या वाऱ्यात बाभूळ बुडातून मोडून पडली होती, खोड तेवढं उरलं होतं. एक तारखेला कामावर जायच्या आधी सरपणाची सोय करून ठेवायची होती. तो कुदळीनं मुळ्या मोकळ्या करत असताना बजरंग आला. खांद्यावर कुऱ्हाड होती.

गहिनीनाथाचे हात थांबले. हा आता काय बोलेल ते बोलेल, आपण ऐकून घ्यायचं, असं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं.

 बजरंग खड्ड्यात उतरला, जाड मुळी पाहिली आणि कुऱ्हाड घातली. दोघं बराच वेळ खपले. याची कुदळ, त्याची कुऱ्हाड, एकाचा घाव पडला की दुसऱ्याचा. ऊन वर आलं. दोघांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरू लागला. सोटमूळ काही तुटायला तयार नव्हतं.

मग कुऱ्हाडीवर रेलून बजरंग म्हणाला, "गहिन्या, मला बी शिकीव."

"काय?"

"कालचं. कसं बोलायचं ते." तो खड्ड्यातल्या मुळीकडं बघत होता. "काल मी सरांला भेटलो. म्हनलं, माजं बी करा काय तरी. कांदा समदा उकिरड्यावर गेला बग. घरात काय न्हाई आता. ते म्हनले, पुढल्या रईवारी चितळीला मेळावा हाय, तयारी करून या. मला काय असलं बोलाया जमत न्हाई. तुला लई झकास जमलं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर गहिनीनाथाला कळला असता, लहानपणापासून ओळखत होता तो. बजरंगाला खरंच शिकायचं होतं.

"काय अवघड न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.  "आदी नाव सांगायचं. मंग म्हनायचं, मला कामाचा तिटकारा हुता."

"मला कामाचा कटाळा हुता."

"कटाळा न्हाई. तिटकारा. सरांला तिटकारा लागतो."

"तिटकारा," बजरंग म्हणाला आणि कुऱ्हाड उचलून एक घाव घातला. "मला कामाचा तिटकारा हुता." दुसरा घाव. "म्होरं?"

"मी आळशी हुतो."

"मी आळशी हुतो." घाव. ढलपा उडून बांधापलीकडं पडला. "म्होरं?"

"घरी झोपून हुतो म्हनायचं. काम आलं तरी गेलो न्हाई."

"कवा झोपून हुतो म्हनू? दिवस कंचा सांगू?"

"सांग कंचा बी."

बजरंगानं विचार केला. "तुजाच सांगतो. गारांचा. त्योच ध्यानात राहतोय." मग त्याच्या मनात काही आलं आणि तो खड्ड्यातून वर बघत म्हणाला, "पर त्या दिशी तू बी झोपला हुतास आन् मी बी झोपलो हुतो, तर मंग कांदा कुनी झाकला?"

"ते न्हाई कोन इचारत."

"न्हाई ना? मंग हरकत न्हाई."

खोड करकरलं. दोघांनी खालून हात घातले, गुडघे टेकवले आणि खांदा लावला. मुळ्या तटातटा तुटत गेल्या आणि खोड कुशीवर पडलं. गहिनीनाथ धापा टाकत मातीतच बसला. बजरंग उभाच होता. त्याच्या दंडाला खरचटून रक्त आलं होतं, त्यावर त्यानं चिमूटभर माती दाबली. टोपी काढून त्यानं तोंड पुसलं, परत घातली, दोन्ही हात जोडले आणि समोरच्या मोकळ्या वावराकडं तोंड करून एका दमात म्हणाला, "मी बजरंग. मला कामाचा तिटकारा हुता. मी आळशी हुतो. काम आलं तरी गेलो न्हाई, घरी झोपून हुतो."

त्याच्या तोंडून ते ऐकलं आणि काल आईला ते कसं ऐकू गेलं असेल हे गहिनीनाथाला आत्ता कळलं. त्याला बसल्या जागी भडभडून आलं. "बास, बजरंगा," तो म्हणाला. "आलं तुला. बास कर आता."

"न्हाई, मदी अडाकलो थोडा," बजरंग म्हणाला. त्यानं जन्मात कुठलं काम अर्धवट सोडलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला, पुन्हा हात जोडले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.